पद्मिनीचे टायर: टॉमी की मशीन?

जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या १४ इंची लोखंडी रिमवर नवे टायर चढवायला दोन वाटा: कोपऱ्यावरचा पंक्चरवाला किंवा मशीनवालं दुकान. पंक्चरवाल्याचा हात सराईत, पण टॉमी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) सरकली की कडेचा रंग खरवडतो, आणि ट्यूब चिमटली तर नव्या टायरला पहिल्याच दिवशी पंक्चर. मशीनच्या जबड्याला प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर ओरखडा नाही, बॅलन्सिंगही तिथेच. मी मशीनच निवडतो. मात्र तिथला पोरगा हटकून ‘ट्यूबलेस करा’ म्हणतो. ऐकू नका. बहुतेक जुन्या रिमना आत टायरची कड अडवणारा उंचवटा नसतो. हवा उतरली की वळणावर टायर निसटू शकतो. ट्यूब घालाच. आणि कड बसेना म्हणून ४० पीएसआयच्या वर हवा भरू देऊ नका. हवा सोडून, साबणपाणी लावून पुन्हा बसवायला सांगा.