दाढ गेली, आता ब्रिज की इम्प्लांट?

गेल्या पावसाळ्यात माझी खालची डावी दाढ काढली. रूट कॅनाल झालेली होती, तरी मुळापर्यंत चिरली. पुढचे पंधरा दिवस जीभ सारखी त्या खड्ड्यात जायची.

डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले: काढता-घालता दात, ब्रिज, इम्प्लांट. चौथा त्यांनी सांगितला नाही, पण आपल्याकडे बरेच जण तोच धरतात, तो म्हणजे काहीच न करणं. अगदी शेवटची दाढ असेल तर चालून जातं. मधली असेल तर मागची दाढ हळूहळू पुढे कलते, वरची खाली उतरते, आणि काही वर्षांनी दात बसवायचा म्हटलं तर जागाच उरत नाही.

काढता-घालता दात सगळ्यांत स्वस्त. प्लास्टिकची पट्टी आणि शेजारच्या दातांना धरणारे तारेचे आकडे. मी तो दोन महिने वापरला. चटणीतला एक तीळ खाली शिरला की ताटावरून उठायची वेळ. तात्पुरता म्हणून ठीक.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. ब्रिजसाठी दोन्ही बाजूंचे दात चहूबाजूंनी घासून बारीक करतात, त्यांवर कॅप बसवतात आणि मधला खोटा दात त्या कॅपना जोडलेला असतो. कापाकापी नाही, दोन-तीन खेपांत काम होतं, पंधरवड्यात तुम्ही शेंगदाणे खाता. पण घासलेलं एनॅमल परत येत नाही. पुढे एका आधाराच्या दाताला कॅपखाली कीड लागली तर अख्खा ब्रिज उतरवावा लागतो. शिवाय खोट्या दाताखालून रोज दोरा ओवून सफाई करावी लागते. किती जण करतात?

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड टायटॅनियमला घट्ट धरून वाढतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं ते सशांच्या हाडांवर प्रयोग करताना. माणसाच्या जबड्यात त्यांनी पहिले इम्प्लांट 1965 मध्ये बसवले. त्या धरण्याला वेळ लागतो. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात चार ते सहा, मग कॅप. ‘एका दिवसात दात’ या जाहिरातीतला दात बहुधा तात्पुरता असतो. हाड कोरताना मला दुखलं नाही, फक्त डोक्यात मंद घरघर घुमत होती. दाढ काढणं याहून वाईट होतं.

टायटॅनियमला कीड लागत नाही, पण हिरडी सुजून भोवतालचं हाड झिजू शकतं. तंबाखू, मिश्री, सिगारेट आणि ताब्यात नसलेला मधुमेह असेल तर हा धोका बराच वाढतो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील, किंवा जबड्याला रेडिएशन झालं असेल, तर ते आधीच सांगा. नुसतं वय जास्त असणं आड येत नाही.

मला सांगितलेले भाव: ब्रिज 21 हजार, इम्प्लांट कॅपसकट 38 हजार. ‘कॅपसकट’ हा शब्द वदवून घ्या. काही ठिकाणी सांगितलेला आकडा नुसत्या स्क्रूचा असतो. कॅप, स्कॅन, हाड भरावं लागलं तर तो खर्च वेगळा. मुंबईत नायर किंवा शासकीय दंत महाविद्यालयात खर्च कमी येतो, मात्र खेपा वाढतात.

माझं मत विचाराल तर आधी शेजारचे दात बघा, भाव नंतर. माझ्या दोन्ही शेजाऱ्यांना कधी ड्रिल लागलं नव्हतं, ते घासणं मला पटेना, म्हणून इम्प्लांट. माझ्या दादाच्या दोन्ही शेजारच्या दातांना रूट कॅनाल होऊन कॅप बसवायच्याच होत्या. त्याने ब्रिज केला, आणि मीही तिथे तेच केलं असतं.

आईचा हिशोब निराळा. तिची खालची पूर्ण कवळी बोलताना उचलली जायची. वरची टाळूला चिकटून राहते, खालचीला जीभ राहू देत नाही. पुढच्या बाजूला दोनच इम्प्लांट बसवले आणि कवळी त्यांवर टिचबटणासारखी बसते. रात्री काढून धुता येते. सगळे दात इम्प्लांटवर पक्के बसवण्यापेक्षा हे कितीतरी कमी खर्चाचं, आणि अशा कवळीवाल्यांना कुणी ते सुचवतही नाही.

एक राहिलं. इम्प्लांटची कंपनी, माप आणि बॅच नंबर छापलेलं स्टिकर मागून फाइलला लावा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात कॅपचा स्क्रू सैल झाला, तर तिथल्या डॉक्टरांना त्याच कंपनीचा पाना लागतो.