थोरल्यासाठी स्कीचा वर्ग, धाकट्यासाठी पाळणाघर: भावंडांच्या बर्फातील सुट्टीत काय निवडावे

दोन लहान मुलांना घेऊन स्कीच्या सुट्टीला निघणारे पालक बहुधा आधी गाव ठरवतात, मग राहण्याची जागा, मग स्कीची शाळा, आणि धाकट्याला दिवसभर कोठे ठेवायचे हा प्रश्न सर्वांत शेवटी हाती घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. मागणी वाढली की स्कीची मोठी शाळा आणखी प्रशिक्षक नेमून आणखी गट उघडू शकते. पाळणाघराला मात्र खोलीची जागा आणि एका कर्मचाऱ्यामागे किती मुले सांभाळायची याची मर्यादा असते, आणि तान्ह्या मुलांसाठी ती मर्यादा अधिकच कडक असते. त्यामुळे तेथील जागा आधी भरतात. फ्रान्समध्ये शाळांच्या हिवाळी सुट्ट्या तीन विभागांत वाटून फेब्रुवारी आणि मार्चच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत येतात. त्या काळात आल्प्समध्ये जायचे असेल, तर पाळणाघरातील जागा नक्की झाल्याशिवाय बाकीचे कोणतेही आरक्षण करू नये.

पर्यायांची तुलना करताना शाळेची ख्याती, पदके आणि छायाचित्रे यांपेक्षा मी दिवसाच्या सांध्यांकडे पाहतो. सकाळी दोन मुलांना दोन ठिकाणी सोडणे, दुपारी वर्ग सुटताच एकाला घेणे, त्याला जेवू घालणे, दुसऱ्याची झोप सांभाळणे आणि संध्याकाळी दोघांना परत आणणे, या पाच-सहा क्षणांवर संपूर्ण आठवडा तोललेला असतो. स्कीचे कडक बूट घातलेल्या पाच वर्षांच्या मुलाला घसरड्या रस्त्यावरून चालवत नेताना मोठ्या माणसाच्या दोन-तीन मिनिटांच्या वाटेला किती वेळ लागतो, हे नकाशावरून कळत नाही. सोडण्याची दोन ठिकाणे गावाच्या दोन टोकांना असतील आणि दोन्हींची वेळ नऊची असेल, तर एक पालक रोज उशिरा पोहोचणार आणि एक मूल रोज घाईत रडणार.

पहिला आणि सर्वाधिक घेतला जाणारा पर्याय म्हणजे थोरल्यासाठी शाळेचा गट-वर्ग आणि धाकट्यासाठी गावातील पाळणाघर. १९४५ मध्ये स्थापन झालेली एकोल द्यू स्की फ्रांसे ही शाळा फ्रान्समधील बहुतेक स्की-गावांत आहे, आणि तिच्या ‘पिऊ-पिऊ’ क्लबात साधारणपणे तिसऱ्या वर्षापासून मुले घेतली जातात. त्यापुढे ‘उर्सों’, ‘फ्लोकों’, मग पहिला, दुसरा, तिसरा तारा अशा पायऱ्या आहेत. या पायऱ्यांचा एक खरा लाभ असा की पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी गेलात, तरी मुलाला कोणत्या गटात घालायचे हे तेथील प्रशिक्षकाला लगेच समजते. स्वित्झर्लंडमधील शाळांत ‘स्नोली’ नावाच्या सशाभोवती आणि ऑस्ट्रियातील अनेक शाळांत ‘बोबो’ नावाच्या पेंग्विनभोवती लहान मुलांचे वर्ग रचलेले असतात. सोंगे निराळी असली तरी शिकवण्याची रीत बहुतांशी सारखीच आहे: कुंपण घातलेली सपाट जागा, मुलांना उभ्याउभ्या वर नेणारे मॅजिक कार्पेट, आणि स्कींची टोके जवळ आणून वेग रोखण्याचा स्नोप्लाऊ.

गट-वर्गाचे बळ आठवड्याच्या सलगतेत आहे. तेच प्रशिक्षक, तीच सोबत, तीच वेळ असे पाच-सहा दिवस मिळाले, की पहिल्या दिवशी बुजलेले मूल तिसऱ्या दिवशी स्वतःहून रांगेत जाऊन उभे राहते. त्याची उणीवही याच सलगतेतून येते. एक-दोन दिवस आजारपणात गेले, तर गट पुढे गेलेला असतो. आणि सकाळचा अडीच-तीन तासांचा वर्ग बाराच्या सुमारास संपत असेल, तर त्याच वेळी पाळणाघरातील धाकट्याच्या जेवणाची किंवा झोपेची वेळ येते. काही पाळणाघरे केवळ सकाळ किंवा केवळ दुपार असे अर्धे दिवस देतात आणि मधल्या वेळेसाठी वेगळी नोंदणी मागतात. ही बाब आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावी, कारण दुपारचे हे दोन तास मोकळे राहिले तर दोघांपैकी एका पालकाचे स्कीइंग जवळजवळ संपतेच.

दिवसभराच्या वर्गाबद्दल एक गैरसमज येथेच दूर करावासा वाटतो. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी पूर्ण दिवस घेतल्याने शिकणे दुप्पट होत नाही. सकाळच्या वर्गातच त्याचे पाय आणि लक्ष दोन्ही थकतात. दुपारी बहुतेक वेळ जेवण, विश्रांती आणि आतल्या खेळांत जातो. पूर्ण दिवस घ्यायचाच असेल, तर तो सांभाळण्याची सोय म्हणून घ्यावा आणि तसे मनाशी स्पष्ट असू द्यावे. मग चार वाजता मूल वळणे घेण्याऐवजी चित्रे रंगवताना दिसले, तर मन खट्टू होणार नाही.

दुसरा पर्याय स्की-बालवाडीचा. येथे एकाच इमारतीत पाळणाघर आणि तिच्या दारातच बर्फाचे अंगण असते; धाकटे आत खेळते, थोडे मोठे मूल तासभर स्की घालून बाहेर जाते आणि थंडी वाजली की परत आत येते. तीन ते चार या काठावरच्या वयासाठी मला हा पर्याय सर्वांत शहाणपणाचा वाटतो. या वयात दोन मुलांमधील फरक महिन्यांनी मोजून कळत नाही: एक तीन वर्षांचे मूल बूट घालून आनंदाने उतारावरून घसरेल, तर दुसरे साडेतीन वर्षांचे असूनही बूट पायात जाताच भोकाड पसरेल. मूल शी-शू स्वतः सांगू शकते का, ही अट बहुतेक शाळा घालतात. ही अट वयाच्या अटीइतकीच गांभीर्याने घ्यावी, कारण हातमोजे, जॅकेट आणि अंगभर पोशाख असे सगळे उतरवून प्रसाधनगृहात नेण्याला वेळ लागतो आणि मुलाने शेवटच्या क्षणी सांगितले तर प्रशिक्षकाच्या हाती काहीच उरत नाही.

या बालवाडीची अडचण अशी की ती सहसा लहानांसाठीच असते. थोरले मूल सात-आठ वर्षांचे आणि लाल, म्हणजे मध्यम अवघड, उतारांवर जाणारे असेल, तर त्याचा वर्ग वेगळ्या ठिकाणी, कदाचित वरच्या लिफ्ट-स्थानकाजवळ भरणार, आणि सोडण्याची ठिकाणे पुन्हा दोन होणार. दोन मुलांत वर्ष-दीड वर्षाचेच अंतर असेल तेव्हा मात्र एका छताखालची ही सोय अतुलनीय आहे.

तिसरा पर्याय म्हणजे मुलांच्या क्लबासह सर्व काही एकत्र देणारे मोठे निवासस्थान. क्लब मेड हे याचे ठळक उदाहरण. तेथे चार महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी, दोन ते तीन वर्षांच्या मुलांसाठी आणि चार वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी वेगवेगळे क्लब असतात, आणि चार वर्षांपुढील मुलांचे स्कीचे गट-वर्ग मुक्कामाच्या रकमेतच धरलेले असतात. लहानांच्या दोन क्लबांसाठी मात्र सहसा जादा पैसे भरावे लागतात. बाळांचा क्लब प्रत्येक ठिकाणी असतोच असे नाही, म्हणून नाव पाहून गृहीत धरू नये. या पर्यायात सांधे जवळजवळ नाहीसे होतात: क्लबाचे लोकच मुलाला प्रशिक्षकाकडे नेतात, परत आणतात आणि जेवू घालतात. तीन वर्षांखालील एक आणि चार वर्षांवरील एक अशी जोडी असलेल्या, सोबत आजी-आजोबा नसलेल्या कुटुंबाला मी हा पर्याय आधी तपासायला सांगेन. रक्कम अधिक वाटली तरी स्वतंत्र वर्ग, लिफ्टचा पास, पाळणाघर आणि जेवण यांची बेरीज मांडून मगच तुलना करावी. उलट दोन्ही मुले पाच वर्षांपुढची असतील, तर या व्यवस्थेतील बऱ्याच सोयींचा उपयोगच होणार नाही.

चौथा पर्याय खासगी नॅनीचा. तिचे खरे मोल आजारपणाच्या दिवशी कळते. ताप, जुलाब किंवा डोळे आले असतील तर पाळणाघर मुलाला घेत नाही, आणि थंड हवेत नव्या मुलांच्या सहवासात आठवडाभरात काहीतरी होण्याची शक्यता बरीच असते. नॅनी असेल तर बाळ स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या वेळेनुसार झोपते, आणि थोरल्याचा वर्ग सुटला की त्याला घ्यायलाही तीच जाऊ शकते. त्यासाठी शाळेकडे तिचे नाव आधी लेखी नोंदवावे लागते. मात्र एका अनोळखी व्यक्तीच्या हाती बाळ सोपवायचे असल्यामुळे पारख करण्याची सगळी जबाबदारी पालकांवर येते. लहान मुलांच्या प्रथमोपचाराचे चालू प्रमाणपत्र, त्या देशात काम करण्याची कायदेशीर परवानगी, पूर्वीच्या कुटुंबांशी बोलण्याची सोय आणि ती आजारी पडल्यास बदली कोण येईल याचे उत्तर, या चार गोष्टींपैकी एकही टाळली गेली तर पुढे जाऊ नये. एक वर्षाखालील बाळासाठी, ही पारख नीट झालेली असेल तर, मी पाळणाघरापेक्षा नॅनीलाच पसंती देईन.

खासगी वर्गाचा विचार येथेच करायला हवा, कारण पुष्कळ पालक त्याकडे दोन्ही भावंडांना एकत्र ठेवण्याचा मार्ग म्हणून पाहतात. एका प्रशिक्षकाचा तास ठरलेल्या रकमेत दोघांना मिळतो, वेळ आपल्या सोयीची निवडता येते आणि भाषेची अडचण असेल तर आपली भाषा किंवा निदान इंग्रजी बोलणारा प्रशिक्षक मागता येतो. दोघेही नवखे आणि वयाने जवळ असतील तर हे उत्तम जमते. तीन-चार वर्षांच्या मुलाला एक तास पुरतो, तेव्हा लहान वर्ग घेऊन उरलेला वेळ त्याला मोकळे खेळू द्यावे. परंतु एक सात वर्षांचे आणि वळणे घेणारे, दुसरे चार वर्षांचे आणि अजून पडणारे, अशी जोडी असेल तर प्रशिक्षकाला धाकट्याजवळ थांबावे लागते आणि थोरले उतारावर ताटकळते. थोरल्याला गट-वर्गात पाठवून धाकट्याला एकट्याचा तास द्यावा. दोघांचाही त्यात अधिक सन्मान आहे.

भावंडांना एकत्र ठेवण्याचा हट्ट मुळात कोणाचा असतो, हेही पाहावे. पालकांना त्यातून दिलासा मिळतो, मुलांना तो मिळतोच असे नाही. धाकट्याच्या गटात बसवलेले थोरले मूल नकळत दुभाषी आणि राखणदार होते: धाकट्याचे हातमोजे शोधून देते, धाकटा रडला की प्रशिक्षक थोरल्याकडेच पाहतो. सुट्टीत सहा-सात वर्षांच्या मुलावर हे ओझे टाकणे मला अन्यायाचे वाटते. जुळ्यांच्या बाबतीत मात्र पहिले एक-दोन दिवस एकत्र ठेवून, मग दोघांची चाल पाहून वेगळे करता येते.

पाचवा पर्याय म्हणजे कोणालाच न सोपवता पालकांनी पाळीपाळीने स्की करणे. काही स्की-क्षेत्रांत दोन्ही पालकांना आळीपाळीने वापरता येईल असा एकच लिफ्ट-पास मिळतो. दोन वर्षांखालील बाळ आणि फारसे स्की न करणारा एक पालक असेल तर हे पुरेसे आहे. बाळाला पाठीवर बांधून स्की करणे मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये: पडण्याचा धोका उघड आहेच, शिवाय स्वतः हालचाल न करणाऱ्या बाळाला थंडी फार लवकर बाधते आणि ते सांगूही शकत नाही.

आता सर्व पर्यायांना लागू पडणाऱ्या काही गोष्टी. इटलीत मुलांसाठी हेल्मेटची सक्ती २००५ पासून आहे. आरंभी ती १४ वर्षांखालील मुलांना होती, २०२२ पासून १८ वर्षांखालील सर्वांना झाली आणि २०२५-२६ च्या हंगामापासून ती प्रौढांनाही लागू आहे. इतरत्र जेथे सक्ती नाही तेथेही शाळा हेल्मेटविना मुलाला घेत नाहीत असेच समजावे. आल्प्समधील अनेक चेअरलिफ्टवर १.२५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलासोबत मोठी व्यक्ती असावी लागते. गटात आठ मुले आणि एक प्रशिक्षक असेल तर वर जाताना मुले कोणासोबत बसतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. फ्रान्समध्ये २०१८ पासून जन्मलेल्या मुलांसाठी सक्तीच्या लसींची यादी वाढली असून पाळणाघरे लसीकरणाची नोंद मागतात, त्यामुळे ती सोबत ठेवावी आणि कोणत्या लसी चालतील हे आधीच पाळणाघराकडून लेखी घ्यावे. उंचावर दर हजार मीटरमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यातील ८० टक्क्यांपर्यंत किरणे परावर्तित करतो. पाळणाघरातील बाळालाही बाहेर नेणार असतील तर चष्मा आणि मलम त्याच्या पिशवीत हवेच.

भाषेबद्दल पालक फार काळजी करतात, पण स्की शिकण्यापुरती ती अनाठायी आहे. मुले प्रशिक्षकाच्या पायांकडे पाहून शिकतात. भाषा लागते ती दुखले, भूक लागली, आई हवी झाली तेव्हा. म्हणून गट-वर्गापेक्षा पाळणाघरात आपली भाषा समजणारे कोणी आहे का, हे अधिक आग्रहाने विचारावे, आणि जॅकेटच्या आतल्या खिशात पालकांचा फोन क्रमांक आणि मुलाची ॲलर्जी लिहिलेला कागद ठेवावा.

तीन ते चार वर्षांच्या धाकट्यासाठी अजूनही निर्णय होत नसेल, तर पैसे भरण्यापूर्वी शाळेला एकच गोष्ट लेखी विचारावी: दुसऱ्या दिवशी मुलाने स्की घालायला साफ नकार दिला, तर उरलेल्या दिवसांसाठी त्याची जागा वर्गातून पाळणाघरात बदलून मिळेल का, आणि भरलेली रक्कम त्यात वळती होईल का. जेथे दोन्ही एकाच संस्थेकडे आहे तेथे हे सहसा शक्य असते. जेथे शाळा आणि पाळणाघर वेगवेगळ्या चालकांचे आहेत तेथे दोन्हीकडे वेगळे करार होतात, आणि मग अशा मुलासाठी संपूर्ण आठवड्याऐवजी आधी दोनच दिवसांचा वर्ग घ्यावा आणि पाळणाघराचे आरक्षण कायम ठेवावे.