'वुड' की 'वुड हॅव'? एका 'असतं'ची दोन इंग्रजी रूपं

"पैसे असते तर गाडी घेतली असती." मराठीत हे वाक्य आजच्या तंगीबद्दलही चालतं आणि गेल्या दिवाळीबद्दलही. इंग्रजीत मात्र आधी काळ ठरवावा लागतो, आणि आपली मुलं नेमकी इथेच अडखळतात.

आज पैसे नाहीत, म्हणून गाडी घेत नाही: 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ कार.' इथला 'हॅड' भूतकाळ दाखवत नाही. गोष्ट प्रत्यक्षात नाही, एवढंच सांगतो. 'इफ आय वेअर यू'मधल्या 'वेअर'चंही तेच.

दिवाळीला पैसे नव्हते, संधी गेली: 'इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ कार.' दोनदा आलेलं 'हॅड' ही छपाईची चूक नाही. पहिलं साहाय्यक, दुसरं मुख्य क्रियापद.

मुलांकडून अशा जर-तर वाक्यांच्या प्रकारांचे क्रमांक ('सेकंड कंडिशनल', 'थर्ड कंडिशनल') पाठ करून घेणं मला पटत नाही. मराठी वाक्याला मनातल्या मनात 'आत्ता' किंवा 'तेव्हा' जोडून पाहावं. 'आत्ता' बसलं तर 'वुड', 'तेव्हा' बसलं तर 'वुड हॅव'. मराठीत 'असतं' दोन्ही भागांत येतं, म्हणून 'इफ'च्या भागातही 'वुड' घालावंसं वाटतं. तिथे ते नको.