जुना एसी: गॅस भरून चालवायचा की बदलायचा?

आधी आउटडोअर युनिटवरची पाटी वाचा. तिच्यावर गॅसचं नाव आर-२२ असेल तर हा प्रश्न तुमचा आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या स्प्लिट एसींत बहुधा हाच गॅस सापडतो.

वाशी, ऐरोली, कोपरी, कळवा या खाडीकाठच्या पट्ट्यात खाऱ्या, दमट हवेने कॉइल लवकर सडते. एप्रिल आला की मेकॅनिक येतो, "गॅस कमी झालाय" म्हणतो आणि भरून जातो. पण एसीतला गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळलाच. दर उन्हाळ्यात नुसता टॉप-अप हा सगळ्यांत वाईट पर्याय, खिशालाही आणि हवेलाही. आर-२२ मधलं क्लोरीन ओझोनचा थर पोखरतं. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-२२ सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारानुसार आपल्याकडे २०३० नंतर तो जेमतेम दुरुस्तीपुरता मिळेल.

मग बदलूनच टाकावा? इथे जरा आकडेमोड करू. नवा पाच-स्टार इन्व्हर्टर घेतला आणि समजा वर्षाला ५०० युनिट वाचले. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वाचला ३५० किलो. दीड टनी जुन्या एसीत किलोभर गॅस धरा. काढताना तो हवेत सोडला, तर नव्या मशीनची पाच वर्षांची बचत दोन मिनिटांत फुस्स! महावितरणचं बिल कमी येईल हे खरं, पण "पर्यावरणासाठी एसी बदलला" असं म्हणता येणार नाही.

एक्सचेंजमध्ये नेमकं हेच होतं. मेकॅनिक पंप-डाउन करतो, म्हणजे सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून वॉल्व्ह बंद करतो. तुमच्या घरी एक थेंबही सांडत नाही. पुढे ते युनिट शीळफाट्याकडच्या एखाद्या भंगार गोदामात पोचलं की तांब्यासाठी पाइप कापतात, आणि गॅस गेला. म्हणून एक्सचेंजचे पैसे ठरवण्याआधी विचारा: गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घेणार का? समोरचा गोंधळला तर दुसरा माणूस बघा.

माझं मत असं. गळती फ्लेअर जॉइंटला, म्हणजे नटाने आवळलेल्या पाइपच्या जोडाला असेल तर नायट्रोजनचं प्रेशर देऊन, साबणाच्या फेसाने जागा शोधून दुरुस्त करा, व्हॅक्युम करा, म्हणजे नळ्यांतली हवा खेचून काढा, मग गॅस भरा आणि एसी खुशाल चालवा. कॉइललाच बारीक भोकं पडली असतील तर पैसे ओतू नका, बदला. आर-२२ च्या मशीनमध्ये स्वस्तातला हायड्रोकार्बन भरून देणारेही भेटतील. तो पेट घेतो, आणि ते मशीन त्यासाठी बनलेलं नसतं. सरळ नाही म्हणा.

नवा घेताना "ओझोन-फ्रेंडली" स्टिकरवर भाळू नका. आर-४१०ए हा गॅस ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीत तो आर-२२ च्याही पुढे, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०९० पट. आर-३२ चा आकडा ६७५, आणि तो लागतोही कमी. सध्या बहुतेकांना हाच सोयीचा. आर-२९० म्हणजे प्रोपेन. त्याचा परिणाम नगण्य, पण तो ज्वलनशील. खोलीच्या आकाराप्रमाणे तो किती भरायचा याला मर्यादा असते आणि हात लावणारा प्रशिक्षितच हवा. सिडकोच्या जुन्या घरातल्या छोट्या बेडरूमसाठी घेत असाल तर कंपनीची खोलीची अट आधी वाचा. सर्व्हिसला माणूस मिळणार असेल, तर मी आर-२९० निवडेन.

फ्रिजचं गणित वेगळं. त्यातला गॅस थोडा, शे-दीडशे ग्रॅम. मात्र २००३ च्या आधीच्या फ्रिजमध्ये बहुधा सीएफसी-१२ हा जुना, ओझोन पोखरणारा गॅस असतो, तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या १०,००० पटींहून जास्त. आणि भिंतींच्या फोममध्ये त्याचाच भाऊ सीएफसी-११ असतो, तोही नळ्यांतल्या गॅसपेक्षा जास्त ग्रॅम. कॉम्प्रेसर वेगळा विकून सांगाडा भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांत फ्रिज आणि एसी दोन्ही येतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलरांची यादी आहे. त्यांतल्याच एखाद्याला अख्खा फ्रिज द्या, फोमचं काय करता हे विचारून.