बोटावर हापूस, मीटरवर २८७

दवाखान्यातच जागच्या जागी होणाऱ्या साखरेच्या तपासणीबद्दल हे लिहितोय. गेलो होतो टाचेच्या जखमेसाठी. तीन आठवडे झाले तरी भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "साखर बघून टाकू आत्ताच." मी म्हटलं, बघा.

आमचा धंदा आंब्याचा. पहाटे मार्केट यार्डातून पेट्या उचलायच्या आणि दिवसभर बिबवेवाडीच्या स्टॉलवर गिऱ्हाइकाला फोड कापून चव द्यायची. हात पँटला पुसून तसाच दवाखान्यात गेलो होतो. मावशींनी स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई टोचली, मशीनवर आकडा २८७. आणि त्यांनी तो मोठ्यांदा वाचला! बाहेर बसलेल्या आठ-दहा जणांत माझी दोन गिऱ्हाइकं होती.

डॉक्टरांनी माझी बोटं पाहिली आणि म्हणाले, "आधी साबणाने हात धुऊन या." दुसऱ्या बोटाला टोचलं, १७१. ती आंब्याची साखर होती, नुसत्या स्पिरिटने जात नाही म्हणे. पैसे एकदाचेच घेतले, ऐंशी रुपये.

पण १७१ म्हणजे सुटलो असंही नाही. जेवून दोन तास झाले होते, त्यावरून काही ठरत नाही. मग टेबलावरच्या दुसऱ्या मशीनमध्ये रक्ताचा एक थेंब घेऊन एचबीएवनसी केली. याला उपाशीपोटी यावं लागत नाही, मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. पाच-सहा मिनिटांत उत्तर आलं: ६.९. मधुमेहाची रेघ ६.५ वर. तरी डॉक्टरांनी एवढ्यावर गोळी लिहिली नाही, लॅबमधून उपाशीपोटीची साखर करून आणायला सांगितली. ती १३२ आली, तिथली रेघ १२६. मग शिक्का बसला.

मला दवाखान्यातच तपासणी होण्याच्या या सोयीचं मोल एवढ्यासाठी वाटतं की गेल्या दोन वर्षांत मला लॅबची चिठ्ठी दोनदा मिळाली होती. दोन्ही खिशातच धुतली गेली. पहाटे चारला उठणारा माणूस चहा न घेता साडेसातपर्यंत लॅब उघडायची वाट बघत बसणार आहे का? या वेळी ६.९ समोर दिसला म्हणून लॅबमध्ये गेलो.

आता तक्रारी. हात धुवायचं बेसिन डॉक्टरांच्या केबिनमागे आहे, पेशंटला दिसतसुद्धा नाही. साखर तपासायच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण मावशी उघडंच ठेवतात. दमट हवेने पट्ट्या बिघडतात हे डबीवरच छापलेलं असतं. सुई मात्र दर वेळी नवी, माझ्यासमोर फोडली. आणि आकडा केसपेपरच्या मागे पेन्सिलीने लिहून देतात, तो घरी जाईपर्यंत पुसतो.

लॅब आणि मशीन यांचे आकडे जुळत नाहीत म्हणून भांडू नका. साखर शंभराच्या वर असेल तर पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं, असं या मशीनचं प्रमाणच आहे. बायकोचं हिमोग्लोबिन कमी आहे, त्यामुळे तिच्या बाबतीत डॉक्टर एचबीएवनसीच्या, म्हणजे तीन महिन्यांच्या आकड्यावर भिस्त ठेवत नाहीत. हे त्यांनी न विचारता सांगितलं, त्याचे गुण जास्त.

दवाखान्यातल्या या तपासणीला पाचात साडेतीन. एक गुण झाकणाचा कापला, अर्धा २८७ ओरडण्याचा. ती दोन गिऱ्हाइकं अजून स्टॉलवर आली की आधी माझी साखर विचारतात, मग पेटीचा भाव.