चौदा महिने, एक पॉड आणि हिशेबाची वही

पॉड म्हणजे छोटी ई-सिगारेट: निकोटीन घातलेला द्रव, म्हणजे लिक्विड, तापवून त्याची वाफ ओढायची. हायलायटर पेनाएवढं यंत्र. वर २ मिलीची टाकी, पुढे नखाएवढा पडदा आणि त्यावर दिवसभरातले कश मोजणारा आकडा. बटण नाही, ओढलं की चालू. धुराचे लोट काढण्याची हौस असेल तर हे तुमच्यासाठी नाही. आणि जो मुळात सिगारेट ओढत नाही त्याने तर या वाटेला जाऊच नये, त्यात निकोटीन आहे आणि निकोटीन सोडत नाही. काही देशांत या वस्तूवर सरळ बंदी आहे, तिथे निकोटीनचा गम किंवा पॅच हाच मार्ग. मी बावीस वर्षं रोज वीस सिगारेटी ओढत होतो आणि मला सुटायचं होतं, एवढ्यासाठी हे घेतलं.

खरं तर हा दुसरा प्रयत्न. पहिल्या वेळी एका मित्राचं बघून ३ मिलिग्रॅमचं लिक्विड आणलं. तो त्यावर मजेत होता. मी चौथ्या दिवशी पाकीट फोडलं. कारण नंतर कळलं: बाटलीवरचा आकडा म्हणजे एका मिलीत किती निकोटीन, एवढंच. त्यातलं तुमच्यापर्यंत किती पोचतं ते यंत्र किती वाफ करतं यावर ठरतं. मित्राचं यंत्र विटेसारखं, एका कशात खोली भरायचं. माझ्या पॉडमधली १.२ ओहमची कॉइल (लिक्विड शोषणारा कापूस आणि त्याला तापवणारी तार) जेमतेम सिगारेटच्या कशाएवढी वाफ देते. म्हणून या वेळी १८ ने सुरुवात केली. तेच १८ मित्राच्या यंत्रात घातलं असतं तर गरगरून मळमळलं असतं.

घशाला जो ठसका लागतो, ज्याला आपण ‘लागली’ म्हणतो, तो बराचसा निकोटीनचा आणि थोडा लिक्विडमधल्या प्रोपिलीन ग्लायकॉलचा. त्यातलंच दुसरं, व्हेजिटेबल ग्लिसरीन, वाफ दाट करतं, पण घशाला मऊ लागतं. निम्मं-निम्मं असलेलं लिक्विड या छोट्या कॉइलला बरोबर बसतं. दोन्हीही पाणी शोषून घेणारे पदार्थ, त्यामुळे पहिले काही दिवस तोंड सारखं कोरडं. पाण्याची बाटली जवळ ठेवा.

पहिले तीन आठवडे मी लबाडी केली. दिवसभर पॉड आणि सकाळी उठल्याउठल्या एक सिगारेट. बायको म्हणाली, “अहो, मग बदललं काय?” तिचं बरोबर होतं. टार काय, कार्बन मोनॉक्साइड काय, ते जळण्यातून येतं. या यंत्रात काही जळत नाही (जळलं तर कापूस, त्याबद्दल पुढे), म्हणून धुरापेक्षा वाफेत घातक रसायनं बरीच कमी असतात. निर्धोक मात्र नाही. पण रोज एक जरी पेटवली तरी फायद्याला भोक पडतं. ती सकाळची एक सुटायला बाकीच्या एकोणिसांपेक्षा जास्त त्रास झाला.

ती सुटल्यावर एक विचित्र गोष्ट घडली. कॉफी चढायला लागली. हात थरथरायचे, रात्री टक्क जाग. सिगारेटच्या धुरातल्या रसायनांमुळे यकृत कॅफीन झपाट्याने निकालात काढतं. धूर थांबला की तीच कॉफी शरीरात जास्त वेळ रेंगाळते. मी निम्मी केली आणि झोप परत आली. तोवर मी दोष पॉडला देत होतो.

आता मुख्य मुद्दा, निकोटीन उतरवण्याचा. हिशेब लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे वही घातली होती. १८ वरून १२ वर आलो, काहीच जाणवलं नाही. छाती फुगली. दोन महिन्यांनी ६ ची बाटली आणली आणि आठवड्याभरात वही बघून गप्प झालो. १२ असताना रोज ३ मिली जायचं, म्हणजे ३६ मिलिग्रॅम. आता ६ मिली जात होतं. सहा सक छत्तीस! बाटलीवरचा आकडा निम्मा, लिक्विड दुप्पट, आणि मी घरभर सांगत सुटलेलो की निम्म्यावर आलो.

तेव्हापासून बाटलीवरच्या आकड्याला मी फसत नाही. मिली आणि मिलिग्रॅमचा गुणाकार खाली आला तरच उतरलो असं धरतो. एकदम अर्ध्यावर उडी मारण्यापेक्षा १२ आणि ६ समप्रमाणात मिसळून ९ केलं, रोजचे ३ मिली मोजून सकाळीच वेगळ्या बाटलीत काढून ठेवले. संपलं की संपलं. मग ६, मग साडेचार, मग ३. प्रत्येक पायरीवर पहिले चार-पाच दिवस चिडचिड व्हायची, मुलगी म्हणायची, “बाबा, आज पायरी का?” (मिसळताना हाताला लागलं तर लगेच धुवा, ते कातडीतूनही शोषलं जातं. आणि बाटली लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, पोटात गेलं तर विष आहे.)

या यंत्राचा सर्वांत मोठा दोष कुठल्याच डब्यावर छापलेला नसतो. सिगारेट संपते. बोटाला चटका बसतो, थोटूक विझवून माणूस उठतो. हे संपतच नाही. कामाच्या टेबलावर पडलेलं असतं, हात आपोआप जातो. एका दिवशी पडद्यावर ३४० दिसले. एका सिगारेटचे दहा-बारा कश धरले तरी वीस सिगारेटींचे एवढे होत नाहीत. मग नियम केला: खुर्चीत बसून ओढायचं नाही, पूर्वीसारखं उठून गॅलरीत जायचं, बारा कश झाले की आत. आकडा आठवड्यात दीडशेवर आला. हा मोजणारा पडदा नसता तर मला कळलंही नसतं, म्हणून त्याला पूर्ण गुण.

कॉइलचं काय? नवी घातल्यावर भरून दहा मिनिटं तसंच ठेवा. मी घाईत लगेच ओढलं आणि जळक्या कापसाची जी चव घशात बसली ती दोन दिवस गेली नाही. कॉइलही फुकट गेली. गोड लिक्विडने कॉइल पाच-सहा दिवसांत काळी पडते, साध्या पुदिन्याने दोन आठवडे चालते. टाकीचं प्लास्टिक इतकं गडद आहे की आत किती उरलंय ते दिव्यासमोर धरल्याशिवाय दिसत नाही. खिशात आडवं ठेवलं तर गळतं.

सध्या दिवसा शून्याचं लिक्विड, रात्री जेवणानंतर ३ चं. काल पडद्यावर ४१ होते. पाचपैकी साडेतीन तारे. त्या काळपट टाकीसाठी अर्धा कापला, उरलेला एक गळतीसाठी.