टेन्शिओमीटर: तीन वर्षं मोसंबीत आणि कोरडवाहू रानात वापरून

२०२२ च्या नोव्हेंबरात आम्ही चार टेन्शिओमीटर घेतले, म्हणजे मातीतली ओल झाडाला कितपत मिळते ते दाखवणाऱ्या, रानात रोवायच्या नळ्या. दोन एक फूट खोल जाणारे, दोन दोन फूट. एकेक नग साडेतीन हजारांच्या आसपास पडला. एक जोडी मोसंबीत ठिबकच्या नळीजवळ बसवली, दुसरी कोरडवाहू कापूस-तुरीच्या रानात. तेव्हापासून सकाळी धारा काढून झाल्या की मी वही घेऊन आधी ह्या दोन ठिकाणी जाते. ऊन चढायच्या आतला आकडाच खरा धरायचा असतो. आता तिसरी वही संपत आली आहे, तिच्या आधारानं लिहिते.

आमचं गाव अंबड तालुक्यात. जायकवाडीचा डावा कालवा तालुक्यातून जातो, पण आमचं शिवार त्याच्या वरच्या अंगाला. विहीर आणि दोन बोअर, एवढंच पाणी. २०१२ चा पावसाळा कोरडा गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांची बारा वर्षांची मोसंबी वाळली. टँकर विकत घेऊन मार्चपर्यंत जगवली, मग झेपलं नाही. तोडलेली झाडं दोन वर्षं सरपणाला पुरली. त्या साली जालना जिल्ह्यात अशा कितीतरी बागा गेल्या. त्यानंतर २०१४ आणि २०१५, लागोपाठ दोन वर्षं मराठवाड्यात पाऊस सरासरीपेक्षा चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी. २०१७ च्या जुलैत आम्ही पुन्हा हिंमत केली. रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेली न्यूसेलर जातीची मोसंबी, साडेचार एकरांत पाचशे झाडं. ह्या बागेला पाणी अंदाजानं द्यायचं नाही, हे लावतानाच ठरवलं होतं.

वस्तू साधी आहे. पारदर्शक नळी, खालच्या टोकाला भाजलेल्या चिनीमातीची सच्छिद्र टोपी, वर बूच आणि बाजूला शून्य ते शंभर आकड्यांचं घड्याळ. नळीत पाणी भरायचं. भोवतालची माती सुकली की ती टोपीतून पाणी ओढते, आत पोकळी होते, सुई पुढे सरकते. म्हणजे मातीत पाणी किती आहे हे ती सांगतच नाही. मुळाला ते ओढायला जोर किती लागेल, ते सांगते. आमच्या काळ्या भारी रानात हीच गोष्ट कामाची. माती मुठीत दाबली तर छान लाडू वळतो आणि माणूस समजतो ओल आहे. पण चिकणमातीनं ते पाणी इतकं घट्ट धरलेलं असतं की झाडाच्या वाट्याला येत नाही.

बसवणं मात्र नाजूक काम. गिरमिटानं नळीच्या जाडीचंच भोक पाडायचं. टोपी आदल्या रात्री पाण्यात भिजत घालायची. नळीत भरायचं पाणी उकळून गार केलेलं हवं, नाहीतर त्यातली हवा सुटून बुडबुडे धरतात. भोकातून निघालेलीच माती घमेल्यात पातळ कालवून आधी भोकात ओतायची, मग नळी दाबायची, म्हणजे टोपी आणि माती यांच्यात फट राहत नाही. ह्यातलं एक अक्षर विक्रेत्यानं सांगितलं नाही. “बसवा आणि विसरा, ताई,” एवढंच म्हणाला. पहिल्या महिन्यात आमच्या दोन नळ्या नुसत्या शून्यावर पडून होत्या आणि आम्ही रान ओलं आहे समजत होतो. फोन केला तर उचलला नाही. पुढे बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रावर गेलो होतो, तिथे विचारलं तेव्हा उमगलं. नवीन घेणाऱ्यांनी ही एक गोष्ट मनात कोरून ठेवा: सुई शून्यावर दिसली की आधी नळीतली पाण्याची पातळी बघा. पाणी काठोकाठ असेल तर रान ओलं. पातळी उतरलेली असेल तर आत हवा शिरली आहे आणि तुमचं रान कदाचित ठणठणीत कोरडं आहे.

मोसंबीतल्या जोडीनं पहिल्याच हंगामात पैसे वसूल केले. आम्ही दिवसाआड चार तास ठिबक चालवत होतो. एक फुटाची सुई पंधरा-वीसवर असायची, दोन फुटांची आठ-दहाच्या वर कधी जायचीच नाही. खाली सतत चिखल. दोन झाडांना बुंध्याशी डिंक्या, म्हणजे डिंक गळायचा रोग, लागला होता, त्याचं कारण तेव्हा कळलं. आता एक फुटाची सुई पन्नासला टेकली की पाणी देतो. थंडीत ते चौथ्या-पाचव्या दिवशी येतं. वाचलेल्या पाण्यावर २०२३ चा मे महिना निघाला. ज्या घरानं बाग तोडून चुलीत घातली, त्या घरात ह्याचं मोल काय आहे, ते मला इथे लिहून सांगता येणार नाही.

पण खरं शिक्षण झालं ते कोरडवाहू रानातल्या जोडीनं, २०२३ च्या ऑगस्टात.

तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडे अधूनमधून शिंतोडे यायचे. हवामान खात्याच्या हिशेबात दिवसाला अडीच मिलिमीटर झाला की तो पावसाचा दिवस. माझ्या वहीत असे दोन दिवस आहेत. पहिल्या दिवशी सकाळी एक फुटाची सुई ६४ वर, शिंतोडा पडून गेल्यावर दुसऱ्या सकाळी ६६. म्हणजे पावसाच्या दिवसानंतर रान आणखी सुकलेलं. वरची ढेकळं ओली झाली, दुपारी वाळली, कपाशीच्या मुळापर्यंत थेंब गेला नाही. महिनाअखेरीस सुई ऐंशीच्या पुढे गेली आणि एका सकाळी शून्यावर पडलेली दिसली, नळीतलं पाणी अर्ध्यावर. यंत्राची ताकद तिथे संपते. दोन फुटांची तेव्हा ७४ वर होती.

मामा, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी माझ्याबरोबर यायचे. आकडा वाचायच्या आधी ते गिरमिटानं काढलेली माती चिमटीत घेऊन दाबायचे, अंगठ्यानं तिची पट्टी ओढायचे आणि “पन्नासच्या वर असंल बघ” असं सांगायचे. वरच्या फुटाचा त्यांचा अंदाज पाच-सात आकड्यांपेक्षा जास्त चुकला नाही. खालच्या फुटाबाबत मात्र ते गप्प राहायचे. एकदा म्हणाले, “बाई, तिथवर आम्ही कधी हातच घातला न्हाई. खाली ओल असतीच, असं धरूनच चाललो.”

सप्टेंबरात पहिला बरा पाऊस झाला, त्या रात्रीत दोन फुटांची सुई ७४ वरून एकदम ३० वर आली. एक फुटाची मी नुकतीच पाणी भरून पुन्हा बसवली होती, ती साठच्या खाली यायला तयार नव्हती. वर कोरडं आणि खाली ओलं, हे कसं? मला वाटलं नळी फुटली. मामांनी नळीशेजारची भेग दाखवली, माझं मनगट सहज आत जाईल एवढी. पाणी भेगेतून थेट खाली उतरलं होतं. दोन दिवसांत तेच पाणी आजूबाजूच्या तहानलेल्या मातीनं ओढून घेतलं आणि सुई परत ६२ वर गेली. नंतरच्या भुरभुरीनं माती फुगली, भेगा मिटल्या. त्यानंतर एका संध्याकाळी धो धो कोसळला, बांधावरून पाणी गेलं, ओढा दुथडी वाहिला. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात त्या दिवसाचा आकडा चांगला भरला असणार. सकाळी माझी दोन फुटांची सुई ६२ वरून ५७ वर. बस. भेगा मिटल्यावर काळी माती पाणी फार हळू पिते, घाईत आलेलं पाणी तिच्यावरून निघून जातं.

२०२४ च्या जुलैत आठ दिवस नुसती झिमझिम होती. लोक चिखलाला वैतागले होते. त्या आठ दिवसांत तीच सुई १८ वर उतरली. त्या साली तूर किती तरारून आली!

म्हणून मला ह्या नळीचं एवढं अगत्य आहे. आमच्याकडे दुष्काळ म्हटलं की पहिला प्रश्न, पाऊस किती मिलिमीटर झाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. पाऊस असा दोन-चार दिवसांत उरकणार असेल तर बेरीज सरासरीएवढी भरेल आणि दुसरा फूट रिकामाच राहील. तूर, ज्वारी, हरभरा सगळं त्या दुसऱ्या फुटावर उभं असतं. दिवाळीनंतर वरून थेंब नसतो तेव्हा ज्वारी खालचीच ओल पिते.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ नियमावलीत पेरा, पीक आणि पाणीसाठ्याबरोबर जमिनीतला ओलावाही धरला आहे, ही चांगली गोष्ट. त्याच कसोट्यांवर २०१८ मध्ये राज्यातले १५१ तालुके आणि २०२३ मध्ये ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले, दुसऱ्या यादीत आमचा अंबड होता. मुलगा मोबाइलवर उपग्रहाचे ओलाव्याचे नकाशेही दाखवतो. नासाचा स्मॅप उपग्रह २०१५ पासून हे मोजतो. अख्खा जिल्हा कसा सुकत चालला आहे हे त्यावर चांगलं दिसतं. पण त्याला थेट दिसते ती वरची पाच सेंटिमीटर माती, म्हणजे आडवी तीन बोटं. शिंतोड्यानंतर नकाशा ओला दिसतो आणि माझी सुई पुढेच सरकत असते. गावात चार ठिकाणी दोन फुटांच्या नळ्या असाव्यात आणि शाळेच्या फळ्यावर रोज आकडा लिहावा, असं मी ग्रामसभेत मांडलं आहे. अजून ठराव झालेला नाही.

आता उणिवा. आंबे बहाराचा ताण, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडून झाडाला दिलेली तहान, ह्यानं पूर्ण मोजता येत नाही. डिसेंबरात पाणी तोडलं की आमच्या रानात साधारण तीन आठवड्यांत सुई ऐंशीपर्यंत जाते, पुढे नळीत हवा शिरते. तिथून पुढे पानांकडेच बघावं लागतं. पानं पिवळी पडून पाव हिस्सा गळ झाली की आंबवणीचं, म्हणजे पहिलं हलकं पाणी, चार दिवसांनी चिंबवणीचं, म्हणजे दुसरं. ताण मोजायचाच असेल तर तारेचे, दोनशेपर्यंत मोजणारे सेन्सर मिळतात. ते महाग, आणि वाचायला वेगळं यंत्र लागतं. आम्ही घेतलेले नाहीत.

बुचाचं रबर दुसऱ्या उन्हाळ्यात तडकलं. सुटं रबर त्याच विक्रेत्याकडे मागितलं तर “नवीन नळीच घ्या” म्हणाला, ते मला फार लागलं. शेवटी जालन्यात ठिबकच्या दुकानात मापाचं वॉशर मिळालं. नळीत हिरवं शेवाळ धरतं, दोन महिन्यांनी धुवावी लागते. वर फुटकं मडकं उपडं घातलं की ऊन लागत नाही आणि शेवाळही कमी. एक नळी डुकरांनी उकरून टोपी फोडली, तिथे आता बोराटीच्या फांद्या रोवल्या आहेत. कोरडवाहूतली जोडी मी फेब्रुवारीत काढून धुऊन ठेवते आणि जूनच्या पहिल्या ओलीवर परत बसवते. मुरमाड, उथळ रानात दोन फुटांची घेऊ नका, टोपी दगडाला लागून तडकेल.

वस्तूला पाचपैकी चार, विक्रेत्याच्या सेवेला एक. एकच घ्यायची ऐपत असेल तर लोक एक फुटाची घेतात. मी म्हणेन दोन फुटांची घ्या, वरच्या फुटाचं माती दाबून कळतं. घेण्याआधी सुटं बूच आणि रबर मिळेल का ते विचारा, नाही म्हणाला तर दुसरीकडे जा.

२०२५ च्या सप्टेंबरात एवढा पाऊस झाला की रानं खरडून गेली, तेव्हा महिनाभर चारही सुया शून्याला चिकटून होत्या आणि नळ्या काठोकाठ भरलेल्या. त्या ओलीवर पेरलेल्या ज्वारीत मी यंदा प्रथमच जोडी बसवली आहे. मामा आता चालत येत नाहीत. खाटेवरून विचारतात, “खालची किती?” आज सकाळी २६ होती.